अडीच किलोचं बाळ

३ डिसें. २००७, सोमवार

आरोग्य केंद्रात मासिक मीटिंग. साडेदहाची म्हणून निरोप, साहेब उगवले साडेबाराला. तोवर आम्ही नऊ उपकेंद्रांच्या नऊ नर्सबाया व्हरांड्यातल्या बाकड्यावर, वर्गाबाहेर काढलेल्या पोरींसारख्या.

आजचा विषय कमी वजनाची बाळं. "अडीच किलोच्या खाली एवढी पोरं जन्मतातच कशी? नऊ महिने तुम्ही करता काय?" काय करतो? पोटुशी बाई सातव्या महिन्यापर्यंत डोक्यावरून विटा वाहते, मी तिला लोहाच्या गोळ्या देते, त्या गोळ्या ती कुडाच्या फटीत खोचून ठेवते. हे सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, "कारणं नकोत, सिस्टर. आकडा सुधारा."

नंतर चहाला कुंदा म्हणाली (पलीकडच्या उपकेंद्राची, माझ्याहून चार वर्षं जुनी), "सुधार की आकडा. पेन तुझ्याच हातात आहे." सगळ्या हसल्या. मीही हसले. आमची नऊ रजिस्टरं शेजारी शेजारी ठेवली तर इकडची पोरं एका साच्यातून काढल्यासारखी निघतील. अडीच, अडीच, अडीच. मधेच एखादं दोन सातशे, कुणाला संशय नको म्हणून. अडीचच्या खाली लिहिलं की वेगळा फॉर्म, वेगळ्या घरभेटी, वर मीटिंगमध्ये उभं राहून ऐकून घ्यायचं. दोनच्या खाली असेल तर थेट भिवंडीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. सव्वादोनचं अडीच करताना पहिल्यांदा मला रात्रभर झोप नव्हती. आता पेन थांबतसुद्धा नाही.

परत येताना एस.टी.त उभी. पाय सुजलेत.

७ डिसें., शुक्रवार

डिलिव्हरी एक. मुलगी. पहिलटकरीण होती, कळ आली की माझा दंड धरायची. चार नखं रुतलीत, हळद लावली. सुटल्यावर तिला बाळ दिसतं, सासूला मुलगा की मुलगी ते दिसतं, साहेबांना आकडा दिसतो. माझ्या वाट्याला वार, रक्त आणि फरशी. सासूने पदर तोंडाला लावून विचारलं, "पोरगीच हाय ना?" जसं काही मी घरून आणून बदलली.

जनी नेहमीसारखी पायरीवर बसून होती. पाड्यावरची म्हातारी सुईण. घरी बाळंतपण करायचं नाही असा वरून हुकूम आल्यापासून तिचं काम बंद. तरी पाड्यावरून कुठलीही बाई आली की ही सोबत येते, बाहेर बसते, बाळाचा आवाज ऐकला की उठून जाते. तिला आत घेऊ नका, असं साहेबांचं लेखी आहे. बारा वर्षांपूर्वी मी इथे नवीन आले तेव्हा पहिलंच बाळ पायाळू. तेव्हा हिनेच माझ्या हातांवर आपले हात ठेवून ते पोर बाहेर काढलं होतं. रजिस्टरात नाव माझं लागलं.

घरी आले तर स्वाती : "आई, बारावीनंतर मी नर्सिंगचा फॉर्म भरू?" म्हटलं, "भर. आणि मग संध्याकाळी कुणाशी धड बोलावंसं वाटलं नाही की मला नावं ठेवू नकोस." पोरीचं तोंड एवढंसं झालं. एवढं बोलायचं कारण नव्हतं.

१२ डिसें., बुधवार

सविता. पाड्यावरची, वीसेक वर्षांची. पहिलं पोटातच गेलं होतं, हे दुसरं. महिने भरायला अजून पंचवीस दिवस. सकाळी मी कुलूप काढतेय तर ही पायरीवर, कमरेला हात लावून. बरोबर सासू आणि जनी. नवरा शेलारकडच्या वीटभट्टीवर. दिवाळी झाली की अर्धा पाडा भट्ट्यांवर उठतो.

साडेअकराला सुटली. मुलगा. रडला, पण आवाजात जोर नव्हता. झोळीत घालून काट्याला लावला. पावणेदोन. झोळी काढून पुन्हा लावली. पावणेदोनच.

भिवंडीला न्या म्हणून बोलले मी. एकदा नाही, तीनदा बोलले. सासू म्हणाली, "तिकडं ठेवून घेतील पंधरा दिस. सहाव्या दिशी मुकादम गाडी घेऊन येनार. जोडी न्हाय गेली त तो दुसरी जोडी लावंल." भट्टीवर नवरा-बायकोची जोडी लागते, एकट्या पुरुषाला कोणी उभं करत नाही. सविताला विचारलंच नाही कोणी, मीही नाही.

गेल्या वर्षी एकीला जबरदस्तीने गाडीत घातली होती. ती भिवंडीच्या स्टँडवरूनच पळाली, आणि साहेबांनी माझ्याकडून लेखी खुलासा घेतला, पेशंट वाटेतून पळतेच कशी म्हणून. पाठवलं तर खुलासा, पाठवायला हवं होतं आणि नाही गेली तरी खुलासा. अडीच लिहिलं तर कुणी काही विचारत नाही.

तेवढ्यात जनी आत आली. बाळ उचललं, दोन्ही तळव्यांवर आडवं घेतलं, डोळे मिटून जरासं वरखाली केलं. म्हणाली, "बाय, लय हलकं हाय. दोन बी न्हाय भरायचं. आईच्या अंगाला बांधून ठेव, टोपलीत नको घालू देऊ."

मी ओरडले तिच्यावर. सासूसमोर, सविताच्या समोर. "आजी, तुझ्या हाताचं वजन घरी ठेव. इथे काटा आहे." तिने बाळ माझ्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन बसली.

रजिस्टरात : मुलगा, ११.३५, व. २.५.

सविताला सांगितलं, ऊब दे, अंगावर पाज. सांगितलं म्हणजे रोज जसं सांगते तसं. ती मान हलवत होती.

१६ डिसें., रविवार

सुट्टी असून पाड्यावर गेले. ह्यांनी विचारलं, "आज काय आहे?" म्हटलं, पाचवी आहे एका घरी. ते बघतच राहिले. बारा वर्षांत मी कुणाच्या पाचवीला गेलेली नाही.

गेले ते बाळ बघायला. सविताने पोटाशी धरलं होतं, ओढत होतं दूध. जीव थोडा खाली पडला. मनात म्हटलं, निघेल हे, अशी कितीतरी निघतात.

पाड्यावर रीत अशी की पाचवीला बाळंतीण सुईणीच्या हातांवर पाणी घालते. तोवर पोराची जोखीम सुईणीची, पाणी पडलं की पोर घरचं. बाळंतपण मी केलेलं, तरी तांब्या घेऊन सविता जनीपुढेच आली. जनी म्हणाली, "मना नको. शिस्टरबायचं हातान झालाय, तिच्या हातावर घाल." मला नको म्हणता आलं नाही. सविताने वाकून माझ्या हातांवर पाणी घातलं, पदराने पुसले. पाणी कढत होतं, मुद्दाम तापवलेलं.

तिथेच सांगायला हवं होतं तिला. तुझं पोर पावणेदोनचं आहे, भट्टीवर नेऊ नकोस. ओठांपर्यंत आलं होतं. सासू नाचणीची भाकरी वाढत होती, जेवले आणि आले.

१९ डिसें., बुधवार

गाडी काल आली. सविताचं घर बंद, दाराला काटेरी फांदी लावलेली. भट्टी माझ्या हद्दीत येत नाही. तिकडची घरभेट तिकडच्या सिस्टरने करायची, तिला कळवायला हवं. कळवायचं काय पण? बाळ अडीचचं आहे, त्याला घरभेट लागतच नाही.

थंडी वाढलीय.

२४ डिसें., सोमवार

गेलं.

जनीने येऊन सांगितलं. दारातच उभी राहिली, आत आली नाही. "सविताचं पोर गेलं, बाय. टोपलीत ठेवला व्हता." शुक्रवारी सकाळी गेलं. भट्टीवर कच्च्या विटा एकावर एक रचून वर पेंढा टाकतात, तेच घर. सविता विटा उलटायला गेली, पोर टोपलीत, टोपली सावलीत. दहा वाजता पाजायला आली तर गार. भट्टीच्या मागेच पुरलं.

मागे बघते तर सविता पायरीवर. मुकादमाने चार दिवस घरी पाठवलंय. छातीवरचा पदर भिजलेला. म्हणाली, "दूध येतंय, बाय. कोनाला पाजू?"

छाती आवळून बांधली, गोळ्या दिल्या. तेवढं येतं मला. ती जाताना मला म्हणाली, तू लय केलंस. खरंच म्हणाली.

२६ डिसें., बुधवार

बालमृत्यूचा फॉर्म. आठ पानं. बाळाला काय पाजलं, नाळेला काय लावलं, हात कोणी धुतले. दुसऱ्या पानावर तिसरा प्रश्न : जन्मवेळचं वजन.

रजिस्टरावरून उतरवून काढलं. २.५.

जेवण गेलं नाही. स्वातीने ताट उचललं, काही विचारलं नाही. माझी लेक मला विचारायची बंद झालीय, हे आजच लक्षात आलं.

३ जाने. २००८, गुरुवार

साहेब चौकशीला पाड्यावर आले, जीप घेऊन. चिंचेखाली खुर्ची टाकली. सविताची सासू, चारपाच बाया, जनी, मी. सविता परत भट्टीवर.

साहेबांनी फॉर्म वाचला. म्हणाले, अडीच किलोचं तंदुरुस्त बाळ नऊ दिवसांत असं जात नाही. मग जनीकडे वळले.

"नाळेला काय लावलंस?"

"काय न्हाय, सायब."

"शेण? राख? खरं बोल."

"काय न्हाय लावला. पोरच बारीक व्हता. माज्या हाताला दोन बी न्हाय लागला."

"सिस्टर, वजन किती होतं?"

रजिस्टर माझ्या मांडीवर उघडंच होतं. वाचून दाखवलं. दोन पूर्णांक पाच. माझा आवाज अगदी रोजच्यासारखा होता.

जीपचा ड्रायव्हर हसला, "आजीचा काटा बिघडला." मग बायाही हसल्या. जनी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडेही बघत नव्हती. आपले तळवे उघडून बघत होती, बराच वेळ. मला वाटलं आता ही माझ्यावर उसळेल. उसळली असती तर बरं झालं असतं.

साहेबांनी लिहून घेतलं : सुईणीने नाळेला अस्वच्छ पदार्थ लावल्याची शक्यता.

७ जाने., सोमवार

मीटिंग. साहेबांनी सगळ्यांना उदाहरण म्हणून सांगितलं. अशा सुइणी अजून पाड्यांवर फिरतात, पोरं मारतात. जनीला मागे कधीतरी दाई-प्रशिक्षणात पत्र्याची पेटी आणि कार्ड मिळालं होतं, ते जमा करायचं. जमा कोणी करायचं? मी. आणि ४ फेब्रुवारीला वरचे अधिकारी येणार, तेव्हा माझा जबाब. साहेब टाइप करून देतील, मी सही करायची.

कुंदाला बाजूला घेऊन खरं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. ती दचकली नाही. चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "मंदा, तू तुझं एक पान उघडलंस की ते सगळी रजिस्टरं मागवतील. तुझं, माझं, सगळ्यांचं. कुणी काटे घेऊन घरोघर फिरलं तर काय होईल कळतंय ना? माझी तीन वर्षं राहिलीत." हात जोडले तिने मला. कुंदाने, जिने मला इंजेक्शन द्यायला शिकवलं.

आणि तिचं चूक तरी काय?

१८ जाने., शुक्रवार

पेटी आणली. अकरा दिवस टाळत होते.

जनीने ती आधीच पुसून दारात ठेवली होती. आत दोरा, ब्लेड, प्लास्टिकचा कागद, आणि साबणाची वडी, वेष्टनासकट. "वास लय चांगला हाय त्याला, म्हनून वापरला न्हाय," म्हणाली. कार्डावर तिचा फोटो, त्यात केस अजून काळे. कार्ड देताना एकदा पदराने पुसलं.

सविताची सासू कुडापलीकडून ऐकवत होती, हिचा हात पडला पोरावर, हिनेच उचललं होतं पहिलं. कोणीतरी तिला गप्प करायला हवं होतं. पाड्यावर आता जनीला कोणी बोलावत नाही. लहान पोर दारात आलं तरी आया हाक मारून परत नेतात.

मी म्हटलं, "आजी, जेवलीस का?" एवढंच सुचलं मला. ती म्हणाली, "जेवलू."

पेटी उपकेंद्रात कपाटावर ठेवली. मग खाली काढून कपाटात ठेवली. समोर दिसत होती.

२९ जाने., मंगळवार

आज सगळं लिहायचं, वगळायचं नाही.

चंद्री आली, जनीच्या मुलीची मुलगी. कळा सकाळपासून. जनी बरोबर होती, पण पायरीवरसुद्धा बसली नाही, पार रस्त्याच्या कडेला बसली. दुपारी दोनला चंद्री सुटली. मुलगी, बारीक. मी काट्याला लावायच्या आधी दारात जाऊन हाक मारली, "आजी, आत ये." ती येईना. मी रस्त्यापर्यंत गेले, दंडाला धरून आणली. साहेबांचं लेखी गेलं खड्ड्यात.

"घे. हातावर घे."

तिने हात मागे घेतले. "मना नको देऊ."

"तुझी पणती आहे, आजी."

"माजं हात गेलं, बाय. म्हातारं झालं. त्या पोराला मी बोललू दोन बी न्हाय, आनि अडीच निघालं. काटा खोटं न्हाय बोलत. एवढी पोरं काढली या हातान, आता कळत न्हाय. मी नाळेला काय लावला न्हाय, पन कायतरी चुकलाच असंल माज्याकडून, मना कळला नसंल."

मला वाटत होतं महिनाभर ती माझ्यावर रागावून गप्प आहे. ती माझ्यावर रागावलीच नव्हती. ती माझ्या कागदावर विश्वास ठेवून बसली होती, आणि स्वतःच्या हातांवरचा उडाला होता. एका अक्षराची ओळख नसलेली बाई, माझं अक्षर खरं धरून बसली.

मी बाळ तिच्या हातांवर ठेवलंच. तिने डोळे मिटले. "दोन भरंल," म्हणाली, "दोनच्या वर थोडा. पन मना नको विचारू."

काटा लावला. दोन शंभर.

तेव्हा मी सांगितलं. खाली बसले, फरशीवर, अजून पुसायची होती ती फरशी. म्हटलं, आजी, ते पोर पावणेदोनचं होतं. काट्याने पावणेदोनच दाखवलं. अडीच मी लिहिलं. तुझे हात बरोबर होते.

तिला समजायला वेळ लागला. चंद्री खाटेवरून माझ्याकडे बघत होती. मग जनी म्हणाली, "तू बघितला व्हता?"

"बघितलं होतं."

"मंग चिंचेखाली का न्हाय बोललीस?"

नोकरी, सिस्टरांची रजिस्टरं, खुलासे. बारा वर्षं तोंडपाठ असलेलं सगळं. त्यातलं एकही मला तिच्यासमोर बोलता आलं नाही. म्हटलं, "घाबरले."

तिने माझं सांत्वन वगैरे केलं नाही. बाळ चंद्रीच्या छातीला लावलं, वरून लुगड्याचा पट्टा गुंडाळला, गाठ मारली. मग दारातून वळून म्हणाली, "हे सायबाम्होरं बोलशील?"

मी हो म्हटलं.

रजिस्टरात : मुलगी, २.०५, व. २.१. किती वर्षांनी खरं लिहिलं. बरं वगैरे काही वाटलं नाही. त्याच पानावर वर सहा अडीच बसलेत.

३ फेब्रु., रविवार

ह्यांना सांगितलं. भिवंडीत ह्यांच्या कारखान्यातले पॉवरलूम आठवड्यातले चार दिवस बंद असतात आता, घर माझ्या ड्युटीवर चालतं. ते चिडले नाहीत, शांतपणे म्हणाले, "सही करून मोकळी हो. म्हातारीचं काय जाणार आहे? पेटी तर गेलीच. तिला ना नोकरी ना पेन्शन." पुढे म्हणाले, "पोर परत येणार आहे का?"

खरं सांगायचं तर हेच मी रोज स्वतःला सांगतेय, ह्याच शब्दांत. त्यांच्या तोंडून ऐकवेना, उठून ताटं गोळा केली.

स्वाती आतून ऐकत होती. रात्री भांडी घासताना म्हणाली, "आई, मी चौकशी करून आले नर्सिंग कॉलेजची." थोड्या वेळाने म्हणाली, "तू सांगशील ना पण?" मी नळ सोडला.

दोन वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं, बाळंतपण करणाऱ्या बाईला सगळ्यात जड काय जातं, तर मी म्हटलं असतं, मेलेलं मूल आईच्या हातात देणं. तसं नाही. ते देऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा "ऊब दे, अंगावर पाज" म्हणायचं असतं, त्याच आवाजात, आणि समोरची मान हलवते.

४ फेब्रु., सोमवार. अंबाडी नाका

आरोग्य केंद्राची बस यायची आहे, म्हणून लिहितेय. पिशवीत दोन कागद. एक साहेबांनी टाइप करून पाठवलेला जबाब, खाली माझ्या नावापुढे रेघ. दुसरा पहाटे मी हाताने लिहिला, चार ओळी. बाळाचे प्रत्यक्ष वजन पावणेदोन किलो होते. नोंद मी चुकीची केली. सुईणीने दिलेला इशारा मी ऐकला नाही. तिचा दोष नाही. दोन्हींवर सही नाही अजून.

कुंदाचा सकाळी फोन होता. उचलला नाही.

घरून, भिवंडीहून येताना मनाशी बरंचसं ठरत आलं होतं. इथे वहीत तरी खोटं कशाला लिहू, टाइप केलेल्या कागदावरच सही करायचं ठरत आलं होतं. जनीला काय, नंतर कधीतरी तिची पेटी परत मिळवून देऊ, साहेबांना गोड बोलून.

आणि इथे उतरले तर वडापावच्या गाडीशेजारी बाकड्यावर जनी. तिला आज कुणी बोलावलेलं नाही. धुतलेलं लुगडं, केसांना तेल, पायात कुणाच्यातरी मापाच्या चपला. पाड्यावरून चालत आली असणार, सकाळची प्रवासी जीप इतक्या लवकर निघत नाही. आणि तिच्या शेजारी सविता. भट्टीवरून आणलंय तिला. केसांत अजून विटेची लाल धूळ.

सविता मला बघून उठली. म्हणाली, "बाय, आजी बोलली, माज्या पोराचा खरा वजन तू आज सायबाला सांगनार हाय." जनीने आकडा सांगितलेला नाही तिला. तो माझ्यावर ठेवलाय.

"किती व्हता, बाय?" सविताने विचारलं.

मी म्हटलं, बस बघून येते. आणि पलीकडे येऊन हे लिहीत बसलेय.

बस लागली. जनी आधी चढली, गर्दीत घुसून तिघींची जागा धरली. खिडकीतून मला हात करतेय, ये म्हणून. सविता दारात थांबलीय, माझी पिशवी घ्यायला.